पहिला मॉर्गन डॉलर घेताना

मॉर्गन डॉलर या जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यापासून संग्रहाला सुरुवात करताय, छान निवड आहे. १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये पाडलेलं हे नाणं अजूनही भरपूर मिळतं. पहिलं १९२१ चंच घ्या, ते स्वस्तात मिळतं.

एक गोष्ट आजच पक्की करा: नाणं घासून चकचकीत करायचं नाही. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. देवघरातली चांदी उजळायची आपली सवय इथे घात करते. जुन्या चांदीवर आपसूक चढलेली निळसर-काळसर छटा संग्राहकांना प्रिय असते. घासलेल्या नाण्याची उतरलेली किंमत परत चढत नाही.

खरेदीआधी:
- वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. चुंबकाला चिकटलं तर सोडून द्या.
- मागे पानांच्या चक्राखाली टांकसाळीचं अक्षर शोधा. ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया.
- १८९३ चं ‘एस’ जेमतेम १ लाख पाडलं गेलं. ते कुणी स्वस्तात देत असेल तर नकलीच समजा.

नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे ते सांगणारे प्रतवारीचे आकडे आत्ता नकोत. आधी पुढच्या बाजूच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरचे केस आणि मागच्या बाजूच्या गरुडाच्या छातीवरची पिसं किती झिजलीत, ते भिंगातून बघायला शिका.