‘मी पण हसले’

गडहिंग्लज,
रविवार, दुपार

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज तीन वेळा ऐकला. चार मिनिटांचा मेसेज, त्यातली साडेतीन मिनिटं तू त्या सहा जणींच्या ग्रुपबद्दल बोललीस. त्यांनी तुला मधल्या सुट्टीत डबा खायला बोलावलं, गॅदरिंगच्या नाचात घेतलं, व्हॉट्सॲपवर ॲड केलं. ऐकून मलाही बरं वाटलं. जूनमध्ये पुण्याच्या नव्या शाळेत गेल्यावर रडत फोन केला होतास, त्यापुढे हे कितीतरी चांगलं. पण अगदी शेवटी, जिना चढता चढता बोलावं तशा घाईत तू एक गोष्ट सांगून टाकलीस. तुझ्या व्हॅनमधली मुलगी धडा वाचायला उभी राहिली, ‘परीक्षा’ या शब्दावर अडखळली, सुटेना. मधल्या सुट्टीत ग्रुपमधल्या एकीनं ‘प-प-परीक्षा’ करून दाखवलं. ती मुलगी मागच्याच बाकावर डबा खात होती. सगळ्या हसल्या. “मी पण हसले, बाई.” आणि मेसेज संपला.

एवढं लांबलचक बोलणं तू या एका वाक्यासाठी केलंस, असं मला वाटतं. चूक असेन तर सोडून दे.

त्यातला ‘हसले’ हा शब्दही मला टोचला. मे महिन्यात माझ्या ओट्यावर आंब्याच्या कोयी चोखत तू “बाई, मी लई हसलो” म्हणायचीस. आपल्याकडं बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जेवलो, मी बाजारला गेलतो. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या सासूबाई “मी अंघोळ करून आलो” म्हणाल्या आणि मी दचकले होते. मग कळलं की कोल्हापूरच्या पट्ट्यात हेच सरळ बोलणं आहे. पुण्यात पहिल्याच आठवड्यात तू हजेरीला “काल मी आलो नव्हतो” म्हणालीस आणि मागून कुणीतरी “आलो? तू मुलगा आहेस का?” म्हणालं. ते तू मला सांगितलं होतंस. त्यानंतर तू ‘आले-गेले’ शिकलीस. शिकलीस ते उत्तमच. पेपरात तसंच लिही, मार्क त्याचे आहेत. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते सांगायला मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. घरात कुणालाही ती ठाऊक नाही.

१९७८ साली आम्ही वेंगुर्ल्याहून मुंबईला, पार्ल्याला आलो. मी आठवीत, म्हणजे तुझ्याएवढीच. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, पुस्तक कुठाय? मी उभी राहून सांगितलं, “माझा पुस्तक घराक ऱ्हवला.” वर्ग फुटला. त्या दिवसापासून माझं नाव ‘माका-तुका’. मी ट्रंकेच्या झाकणाला आतून लावलेल्या आरशासमोर बसून ‘आहे’, ‘कुठे’, ‘मला’ घोटलं. आई विचारायची, काय पुटपुटतंस गो? दिवाळीपर्यंत मी पार्लेकरांपेक्षा पार्लेकर झाले.

जानेवारीत वर्गात एक नवी मुलगी आली, कुडाळकडची. बोलायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच मधल्या सुट्टीत मी तिची नक्कल केली. इतरांनीही केली, पण माझी सगळ्यांत हुबेहूब. होणारच, ती माझीच भाषा होती! मुली पोट धरून हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला खिडकीजवळच्या बाकावर जागा मिळाली.

शाळा सुटताना पाण्याच्या टाकीपाशी ती माझ्याजवळ आली. रागावली असेल म्हणून मी घाबरले होते. तर तिचा चेहरा उजळलेला. हळूच म्हणाली, “तू खंयची गो?” तिला वाटलं, इतकं बरोबर बोलते म्हणजे आपल्यातलीच असणार. मी म्हटलं, “मी इथलीच.” आणि ओंजळीतलं पाणी टाकून निघून गेले.

पुढं आमच्या तुकड्या बदलल्या. दोन वर्षं एकाच जिन्यावरून चढ-उतार केली, बोललो नाही. दहावीनंतर ती कुठं गेली, ठाऊक नाही. तो खिडकीजवळचा बाक मात्र नववीत दुसऱ्याच कुणाला मिळाला.

तू हसलीस म्हणजे वाईट झालीस, असं मी म्हणणार नाही. आमच्या बी.एड.च्या पुस्तकात सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ चा प्रयोग होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि त्या तिघींतली कोणती पहिलीएवढी ते सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल. पण खोलीतली बाकीची सगळी माणसं आधीच पढवलेली, ती एकामागून एक ठामपणे चुकीची रेघ सांगायची. खरा परीक्षार्थी एकटाच. सुमारे तीन चतुर्थांश जण एकदा तरी त्या सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून चुकले. कॉलेजातली मोठी मुलं होती ती, आणि समोर होत्या नुसत्या रेघा. तू तेरा वर्षांची, शाळा नवी, आणि समोर सहा जणी. हसू येणारच.

त्याच प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त आवडायचा. पढवलेल्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी चुकणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली यायचं. सगळ्यांना गप्प करायला नको, भाषण नको, एक माणूस पुरायचा. म्हणून पुढच्या वेळी “असं करू नका गं” असलं काही बोलायची तुला गरज नाही. ते तुला जमणार नाही, मलाही जमलं नसतं. फक्त हसू नकोस. डब्यातला पुढचा घास खा. त्या सहा जणींत अशी आणखी एक असणार, जिला हसायचं नसतं आणि जी दुसरं कुणी थांबतंय का ते बघत असते.

आता त्या ग्रुपबद्दल. तू म्हणालीस, “त्या सगळ्यांत पॉप्युलर आहेत.” असतीलही. पण या शब्दात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत.

बी.एड.ला आम्हाला समाजमितीचं प्रात्यक्षिक असायचं. मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९३० च्या दशकात ती पद्धत रुजवली. प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर लिहायचं, सहलीला एसटीत कुणाशेजारी बसायला आवडेल. मग कागदावर नावं मांडून बाण काढायचे. ज्याच्याकडं पुष्कळ बाण जातात तो तारा, ज्याच्याकडं एकही जात नाही तो एकाकी. परीक्षेपुरतं सगळे करतात आणि विसरतात. मला त्याचा नाद लागला. ३४ वर्षांच्या नोकरीत दर जुलैला मी या चिठ्ठ्या घेतल्या आणि मागच्या बाजूला माझा एक जास्तीचा प्रश्न असायचा, वर्गात भाव कुणाला आहे?

दोन्ही बाजूंची उत्तरं क्वचितच जुळायची. एका वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांनी एकाच मुलीचं नाव मागं लिहिलं होतं. पुढच्या बाजूला तिला दोन बाण होते, आणि त्यातलाही एक तिच्या चुलत बहिणीचा. सगळ्यांत जास्त बाण गेले होते तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडं. तो कुणाचीही सायकलची चेन बसवून द्यायचा आणि जो गैरहजर असेल त्याच्या घरी वही नेऊन द्यायचा. त्याला भाव आहे, असं कुणीच लिहिलं नव्हतं! पुढं वाचनात आलं की १९९८ साली पार्कहर्स्ट आणि हॉपमेयर या दोघींनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांत हेच तपासलं होतं. मुलं ज्यांना ‘पॉप्युलर’ म्हणतात आणि मुलांना मनापासून जे आवडतात, ते बऱ्याचदा वेगळे निघाले. आवडणाऱ्यांबद्दल मुलं सांगत होती, प्रेमळ आहे, विश्वास ठेवता येतो. नुसता भाव असणाऱ्यांबद्दल, दादागिरी करतात, शिष्ट आहेत.

म्हणून ग्रुप सोड, असं मी सांगत नाही. नाच कर. मजा येते तर ये-जा ठेव. ती नक्कल करणारी मुलगीही काही राक्षसीण नाही. दोन बाण मिळालेली माझी ती विद्यार्थिनी आठवीभर रोज नव्या कुणाची तरी टिंगल शोधायची, कारण एक दिवस जरी खाडा झाला तर आपलाच नंबर लागेल, अशी तिला धास्ती असायची. हे तिनंच मला बारावीनंतर पेढे द्यायला आली तेव्हा सांगितलं. तुझ्या ग्रुपमध्ये आत राहण्याचं भाडं काय आहे, ते मात्र बघून ठेव. आज दुसऱ्या कुणाचं हसं करून भरायचं असेल, तर उद्या तुझ्या ‘आलो-गेलो’वरही ते वसूल होईल.

आता जरा हिशोब करू, तू गणितात बरी आहेस. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. नुसती ओळख असलेला माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास सोबतीत जावे लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. अभ्यास मोठ्या माणसांवरचा आहे, पण मांडून बघ. तुमची मधली सुट्टी २५ मिनिटांची. जूनपासून शाळेचे ८५ दिवस धरले तर ३५ तास होतात. तेही पहिल्या दिवसापासून बसली असतीस तर, आणि सहा जणींत वाटून. व्हॅनमध्ये तू जाता-येता मिळून ८० मिनिटं असतेस. त्याचे ११३ तास झाले.

आणि व्हॅनमध्ये तुझ्याशेजारी कोण बसतं?

हॉल यांनी हेही सांगितलंय की कामापुरती, नाइलाजाची सोबत फारशी मोजली जात नाही. नुसतं शेजारी बसून दोघी आपापल्या खिडकीतून बघत असाल तर त्या ११३ तासांचं फारसं काही होत नाही. पण तूच ऑगस्टमध्ये मला सांगितलं होतंस, ती व्हॅनमध्ये तुला पुण्याच्या बसचे नंबर शिकवते, आणि व्हॅनमध्ये ती एकदाही अडखळत नाही. तेव्हा तू हे किती सहज बोलून गेली होतीस! मी मात्र लक्षात ठेवलं. अडखळणारं मूल एखाद्यासमोर अडखळत नाही, याचा अर्थ काय असतो, हे मला शाळेतल्या इतक्या वर्षांनी कळतं. त्या दिवशी मागच्या बाकावरून तिनं सहा जणींचं हसणं ऐकलं असेल, पण त्यातलं तुझं तिला वेगळं ऐकू आलं असेल.

तर सोमवारी व्हॅनमध्ये तिला सॉरी म्हण. कसं म्हणायचं तेही सांगते, कारण यात मोठी माणसंसुद्धा घोळ घालतात. “तुला वाईट वाटलं असेल तर” असं म्हणू नकोस. वाईट वाटलंच आहे. “त्या हसल्या म्हणून मी” हे तर मुळीच नको. “त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं,” एवढंच बोल आणि गप्प बस. ती लगेच “चलता है” म्हणेल, किंवा खिडकीबाहेर बघेल. आठवडाभर बोलणारही नाही कदाचित. तो तिचा हक्क आहे. तू जागा बदलू नकोस, तिच्याशेजारीच बस. आणि बोलताना ती अडखळली तर शब्द तिच्या तोंडातून काढून घेऊन पुरा करू नकोस. तिचा तिला पुरा करू दे, तोवर नेहमीसारखी बघत राहा.

एक गोष्ट वेगळी आणि महत्त्वाची. तिची नक्कल कुणी मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकली असेल, तर ते पुढं पाठवायचं नाही. आणि ते थांबत नसेल तर वर्गशिक्षिकेला किंवा आईला सांगायचं. ही चुगली होत नाही. मोठी माणसं ऐकत नसतील तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो फुकट लागतो. वेळ येणार नाही बहुतेक, पण नंबर पाठ असू दे.

दिवाळीत येणार आहेस ना? ओट्यावर बसू. मला त्या बसच्या नंबरांबद्दल ऐकायचंय. आणि हो, तुला मालवणी नक्कल करून दाखवीन, अजून हुबेहूब करते.

परवा तुझी आजी मंडईत भेटली. म्हणाली, “पोरगी फोनवर लई येगळीच बोलतीया. येते काय, जेवले काय. रागावलीया काय माझ्यावर?” मी म्हटलं, नाही हो, शाळेत तसं बोलतात. तिला काही ते पटलं नाही. आज संध्याकाळी तिला फोन कर, आणि ठेवताना ‘येतो’ म्हण.

तुझ्या,
बाई