लूव्रची रांग आणि मोनालिसाचे दर्शन

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघे (मी, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई) पॅरिसला जाणार आहोत. लूव्र संग्रहालयासमोर तासन्‌तास उभे राहावे लागते, असे पाहून आलेले लोक सांगतात. एका सहल कंपनीने ‘रांगेविना प्रवेश’ अशी तिकिटे जवळजवळ दुप्पट दराने देऊ केली आहेत. ती घ्यावीत का? आईला मोनालिसा पाहण्याची फार इच्छा आहे, पण तिचे गुडघे दुखतात. – एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : जादा पैसे मोजण्याआधी ही रांग नेमकी कशाची असते, हे समजून घ्यावे. तिकिटाची रांग वेगळी, सुरक्षा तपासणीची वेगळी आणि आत गेल्यावर प्रत्यक्ष चित्रासमोरची वेगळी. यांपैकी पहिली रांग ठरावीक वेळेचे तिकीट आधी काढले की टळते, आणि असे तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर मूळ दरातच मिळते. सुरक्षा तपासणी कोणालाही चुकत नाही. महागड्या तिकिटानेही नाही. चित्रासमोरची गर्दी तर पैशाने हटतच नाही. तेव्हा वाटाड्यासह माहिती ऐकत संग्रहालय पाहायचे असेल, तर त्या सेवेचे पैसे अवश्य द्यावेत. केवळ रांग टाळण्यासाठी देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गर्दीचे मूळ इमारतीच्या रचनेतच आहे. वास्तुविशारद आय. एम. पेई यांचा काचेचा पिरॅमिड १९८९ मध्ये प्रवेशद्वार म्हणून खुला झाला, तेव्हा वर्षाला सुमारे ४० लाख पाहुणे येतील असे गृहीत धरले होते. २०२४ मध्ये ८७ लाख आले. काही वर्षांपूर्वी संग्रहालयाने दिवसाला ३० हजार पाहुण्यांची मर्यादा घातली. त्यामुळे ऐन हंगामात आयत्या वेळी तिकीट मिळण्याची खात्री उरलेली नाही. व्हिसा हाती पडताच तिकिटे काढावीत. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असला, तरी मुलासाठीही त्याच वेळेचे शून्य रकमेचे तिकीट घ्यावे आणि त्याचा पासपोर्ट जवळ ठेवावा. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांसाठी जानेवारी २०२६ पासून ३२ युरो असा वेगळा, वाढीव दर आहे, हेही अंदाजपत्रकात धरावे.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून १ मे सोयीचा वाटेल, पण लूव्र त्या दिवशी बंद असते. दर मंगळवारीही ते बंद असते. पॅरिसमधले दुसरे मोठे संग्रहालय, ओर्से, सोमवारी बंद असल्यामुळे त्या दिवशीचे पाहुणे लूव्रकडे वळतात. म्हणून सोमवारही टाळलेला बरा. आपल्या कुटुंबासाठी मी बुधवारची किंवा शुक्रवारची संध्याकाळ सुचवीन. या दोन दिवशी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते, आणि सहा वाजून गेले की सहलींचे मोठे गट बहुतेक परतलेले असतात. आईंना दुपारी विश्रांती मिळेल आणि मे महिन्यात तिथे रात्री नऊच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे परतताना अडचण वाटणार नाही. तिकीट हाती असेल, तर पिरॅमिडऐवजी रिव्होली रस्त्यावरून किंवा मेट्रो स्थानकातून भुयारी कारूझेल प्रवेशाने जावे. तिथे गर्दी बहुधा कमी असते आणि ऊन-पावसात उभे राहावे लागत नाही.

आता मोनालिसाविषयी. हे चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे आहे, काचेमागे आहे आणि समोर कठडा आहे. पंढरपुरात पदस्पर्शाची आणि मुखदर्शनाची रांग निराळी असते. इथे सर्वांच्या वाट्याला मुखदर्शनच येते. सकाळी दार उघडताच जवळजवळ सगळे देनों विभागातील याच दालनाकडे धावतात, म्हणून संध्याकाळी उशिरा, दालने बंद होण्याच्या तासभर आधी तिथे जावे. मोनालिसा पाहून झाल्यावर मागे वळावे. समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेझे याचे ‘काना येथील विवाहभोजन’ हे जवळपास दहा मीटर रुंदीचे चित्र आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून शेकडो लोक मोबाइल उंचावून उभे असतात. मला याची मनापासून खंत वाटते. लागूनच असलेल्या लांबलचक वीथीत लिओनार्दोचीच ‘खडकांमधील मेरी’ आणि ‘संत ॲन’ ही चित्रे आहेत. तिथे आईंना चित्राच्या अगदी जवळ, हवा तितका वेळ थांबता येईल. लिओनार्दोचा हात पाहायचा असेल, तर तो तिथे अधिक निवांतपणे दिसतो.

मुलाला रिशेल्यू विभागात न्यावे. प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याचा दोन मीटरहून उंच काळा शिलास्तंभ आणि आजच्या इराकमधील खोर्साबादच्या प्राचीन राजवाड्यातले पंखधारी बैल पाहून तो रमेल. हा विभाग देनोंच्या तुलनेत पुष्कळ मोकळा असतो, म्हणून आधी तो पाहून मग मोनालिसाकडे वळणे उत्तम.

आईंच्या गुडघ्यांसाठी संग्रहालय व्हीलचेअर विनामूल्य वापरायला देते; आत शिरताच माहिती कक्षात मागावी आणि ओळखपत्र तयार ठेवावे. पिरॅमिडखालच्या गोल जिन्याच्या मधोमध लिफ्टही आहे. नकाशावर लिफ्टच्या जागा दाखवलेल्या असतात, त्यांवर आधी खुणा करून ठेवल्यास ऐनवेळी जिने चढावे लागणार नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वाढत्या गर्दीचा ताण असह्य झाल्याने जून २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांनी अचानक काम थांबवले आणि तिकिटे असलेलेही हजारो लोक बाहेर ताटकळले. म्हणून लूव्र पॅरिसमधल्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाची सूचना संकेतस्थळावर पाहावी.