१९४४ चं हॉलंड आणि बिनटायरची सायकल: चाकाला काय लावाल?

तुमची एकांकिका १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये घडते, तेव्हा तिथे टायर मिळत नव्हते असं तुम्ही वाचलंय, आणि चाकाला चिंध्या गुंडाळल्या तर चालेल का असं विचारलंय. चिंध्या नकोत. बागेचा पाईप लावा, लाकूड लावा, नाहीतर सरळ नुसती रिम ठेवा. मी जुन्या सायकली दुरुस्त करून उभ्या करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

चिंध्या का नकोत? सायकल आणि माणूस मिळून शंभरेक किलोचा भार टायरच्या दोन-तीन बोटं रुंदीच्या जागेवर येतो. खालून दगड आणि वरून रिमची कड, अशा कात्रीत कापड फार वेळ टिकत नाही. भिजलं की लोळागोळा होतं, सुटलेलं टोक फोर्कमध्ये अडकतं आणि चाक जाम. जुन्या टायरमध्ये गवत किंवा चिंध्या ठासून घरापर्यंत पोचता येतं, पण तिथे मार खायला बाहेरचं टायर असतं. तुमच्या पात्राकडे तेच नाही.

आता हॉलंड. रबराचे मळे असलेलं जावा-सुमात्रा ही त्यांचीच वसाहत. पण मे १९४० मध्ये जर्मनीने देश घेतला आणि समुद्रमार्गे येणारा माल तुटला. मार्च १९४२ मध्ये जपानने जावाही घेतलं. जुलै १९४२ मध्ये जर्मनांनी सायकलीच जप्त करायला सुरुवात केली. चांगले टायर असलेली सायकल रस्त्यावर काढणं म्हणजे ती घालवून बसण्याची तयारी ठेवणं. लाकडी चाकांच्या खटाऱ्याकडे शिपायाचं लक्ष कमी जात असणार, हा माझा तर्क. नाटकात वापरण्याजोगा आहे.

सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वेचा संप झाला, जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली, पुढे कालवे गोठले. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसं भुकेने गेली. शहरातले लोक चादरी, घड्याळं, दागिने घेऊन खेड्यांत जायचे आणि बटाटे, धान्य घेऊन परतायचे. पुरुषांना वेठीला धरून जर्मनीत कामाला नेत असल्यामुळे ते लपलेले, म्हणून या फेऱ्यांत बायका जास्त. तुमचं पात्र सायकलवर बसून स्टेजवर येणार असेल तर विचार करा. येताना पोतं लादलेली सायकल बहुधा ढकलतच आणली जाईल.

टायरच्या जागी लोक काय लावायचे ते आता. लाकडाचे गोलाईत तासलेले तुकडे रिमच्या खोबणीत बसवून आवळायचे. काही नमुन्यांत लाकूड आणि रिम यांच्यामध्ये छोट्या स्प्रिंगा दिसतात. मोटारीच्या जुन्या टायरमधून कापलेल्या पट्ट्याही चालत. बागेच्या पाईपसाठी प्रसिद्ध म्हणजे जर्सी आणि गर्न्सी, इंग्लिश खाडीतली बेटं, १९४० ते मे १९४५ जर्मनांच्या ताब्यात होती ती.

पाईपचा प्रकार मी एका जुन्या २८ इंची रोडस्टरच्या, म्हणजे आपल्या साध्या उंच सायकलच्या चाकावर करून पाहिलाय. रिमचा घेर साधारण दोन मीटर. पाईप त्याहून चार बोटं जास्त कापायचा. आतून जाड बाइंडिंग वायर ओवायची आणि पक्कडीने पीळ देत आवळायची, म्हणजे पाईपची दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून बसतात. सरळ रस्त्यावर चालते सायकल. वळणावर पाईप कुशीवर लोळायला बघतो, आणि दर फेऱ्याला जोड जमिनीवर आला की ‘टक्’. चालवणाऱ्याला तो टक् सीटमधून थेट कण्यात लागतो.

नुसत्या स्प्रिंगांचे, लाकूड नसलेले टायर मात्र तुमच्या नाटकात नकोत. ते जास्त करून पहिल्या महायुद्धातले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत रबर इतकं दुर्मीळ झालं, की १९१६ मध्ये ‘डॉइचलँड’ नावाची मालवाहू पाणबुडी अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून निकेल आणि साडेतीनशे टनांच्या आसपास रबर घेऊन परतली. त्याच वर्षी लोकांचे सायकलचे टायर सरकारजमा व्हायला लागले. मग आतली रिम, बाहेर लोखंडी कडं आणि मध्ये ओळीने स्प्रिंगा अशी चाकं निघाली. दिसायला अक्कलहुशारीची, पण वजनाला जड, स्प्रिंगांत चिखल बसायचा, गंज चढायचा. ट्रक लोखंडी धावांवर धावले आणि रस्त्यांची वाट लागली. फ्रिट्झ होफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने कृत्रिम रबरही केलं, जेमतेम अडीच हजार टन, तेही तयार व्हायला आठवडे-महिने घेणारं. टायरला ते फारसं उपयोगी पडलं नाही.

या सगळ्या पर्यायांची अडचण एकच. रस्त्याला लागणारा भाग तुम्ही कशाचाही करा. हवा जो धक्का गिळते तो गिळणारं दुसरं काही सापडत नाही. तो मग तारांवर, बेअरिंगवर, फ्रेमवर जातो. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून काढून माणूस कंटाळेल. रणगाड्यांचंही हेच झालं. रबर कमी पडल्यावर दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या कारखान्यातल्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याला बाहेरून नुसत्या पोलादाची चाकं लावली, रबराचं छोटं कडं आत तुंब्यापाशी. रबर वाचलं, पण रणगाडा इतका थरथरायचा की भाग सैल व्हायचे.

माझं मत विचाराल तर पर्याय शोधण्यापेक्षा असलेलं रबर पुरवून वापरणं जास्त कामाला आलं. अमेरिकेत युद्धकाळात पहिलं रेशनिंग टायरवर आलं, जानेवारी १९४२ मध्ये. मोटारींना ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली, एका गाडीमागे पाचच टायर ठेवायची मुभा दिली, आणि डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं, तेही मुख्यतः रबर वाचवायला. पेट्रोल नाही म्हटलं की टायर आपोआप कमी झिजतो.

आणि नुसती रिम? मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, डिसेंबर १९४१ पासून जपानी सैनिक सायकलवरून दक्षिणेला सरकले. उन्हाने टायर फाटले तेव्हा ते काढून रिमवरच चालवल्या. डांबरी रस्त्यावर शेकडो रिमांचा खडखडाट रात्री रणगाड्यांसारखा वाटायचा, असं त्यांच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. आजूबाजूला रबराचे मळेच मळे, हे विशेष.

तेव्हा तुमच्या नाटकाला दिसण्यापेक्षा आवाज जास्त देऊन जाईल. पात्र विंगेत असतानाच सायकल ऐकू आली पाहिजे. मी असतो तर पुढच्या चाकाला पाईप आणि मागचं नुसत्या रिमवर ठेवलं असतं. दोन चाकांना दोन जुगाड हे अशा काळात शोभतंच. हिरवा प्लॅस्टिकचा पाईप झगमगाटात लगेच ओळखू येतो, त्याला मळकट काळा रंग मारा. लाकूड लावलंत तर मडगार्ड काढा, चाक घासेल. आपल्या जुन्या रोडस्टरचा दांड्याचा ब्रेक रिमला आतून लागतो, त्यामुळे तो चालू राहील. मात्र पाईप आवळणाऱ्या वायरचा पीळ रिमच्या बाजूला वळवून दाबा, नाहीतर कुणाच्या तरी पोटरीत घुसेल. रिम फळ्यांवर चरे पाडते, म्हणून नाट्यगृहाच्या माणसाला तालमीआधीच विचारून घ्या.