‘फक्त मुलांसाठी’ असं सांगितलं तरी फॉर्म भरा

ताई, सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीची चौकशी केली तेव्हा कार्यालयात तुम्हाला ‘ही स्कॉलरशिप फक्त मुलांसाठी असते’ असं सांगितलं, हे वाचून अंगावर काटा आला. माझे मिस्टर गेल्यावर मलाही अगदी हेच ऐकवलं होतं. तुम्ही लिहिलंय की यजमान सैन्यात ड्यूटीवर असताना गेले, मृत्यू सेवेमुळे झाल्याची नोंद आहे, बी.ए.ला ६४ टक्के आहेत आणि बी.एड.ला नंबर लागलाय. मग पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेला तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकता. त्यात पाल्यांबरोबर विधवाही येतात. पदवीला ६० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. २०१९ पासून मुलींना महिन्याला ३००० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाचे ३६,००० आणि बी.एड.च्या दोन वर्षांचे ७२,०००. पैसे वर्षातून एकदाच खात्यात येतात, त्यामुळे पहिली फी आधी स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवा.

फॉर्म कसा भरायचा ते केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर आहे, कुठल्याही सायबर कॅफेत भरून देतील. खरी अडचण त्यानंतर येते.

हा अर्ज फक्त पहिल्या वर्षाला करता येतो. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नाही. मी ज्या कार्यालयात गेले, तिथल्या बाबूंनी फाइलची दोरीही न सोडता ती परत सरकवली आणि विचारलं, “मुलांचे दाखले कुठे आहेत?” माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. फॉर्म माझा आहे म्हटल्यावर साहेब रजेवर असल्याचं कळलं. पुढच्या खेपेला नावावर बोट ठेवलं. मार्कशीटवर माहेरचं नाव, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) सासरचं. आपल्याकडे लग्नात कितीतरी मुलींचं पहिलं नावसुद्धा बदलतात, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. नाव दुरुस्त होऊन आलं तोवर मुदत संपली होती. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला, म्हणून अपात्र. एका तोंडी ‘नाही’पायी सगळे पैसे गेले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या माणसाने काहीही लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे तक्रार कशावर करणार?

म्हणून माझं ठाम मत: तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. साधा अर्ज लिहा, आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. शिक्का मागितला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. सगळी कार्यालयं अशी नसतात, हेही सांगते. नंतर बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला स्वतः खुर्ची दिली आणि कागद तपासून दिले.

नावाचं काम मात्र आजच सुरू करा. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र आणि यजमानांच्या पार्ट टू ऑर्डरमधली (सैन्याच्या दप्तरातल्या नोंदीच्या आदेशातली) लग्नाची नोंद, तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधार आणि बँकेचं पासबुकही. फरक असेल तर सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. त्याला महिने लागतात.

कॉलेज रेग्युलर आहे ना, तेही बघा. मुक्त विद्यापीठाच्या किंवा पत्रद्वारा कोर्सला ही शिष्यवृत्ती नाही. दुसऱ्या वर्षीही पैसे हवेत तर पहिल्या वर्षाला किमान ५० टक्के पडायला हवेत. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्या शब्दावर न जाता यंदाच्या सूचना वाचून घ्या. आणि ज्यांचे पती अजून नोकरीत आहेत अशा भगिनींनी याच्या भरवशावर राहू नये, त्यांना ही योजना लागू नाही.

‘पेन्शन येतंय, मग शिकायचं कशाला’ असं घरातले म्हणतील. मला सासरीही म्हणाले आणि माहेरीही. त्यांच्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नका, अ‍ॅडमिशन घेऊन टाका.

पुढे एम.ए. करायचं मनात असेल आणि यजमान हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावर असतील, तर सैनिक बोर्डाकडूनच विधवांना दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी महिना २००० रुपयांचं अनुदान आहे; नोव्हेंबर २०२५ पूर्वी ते १००० होतं. रक्कम छोटी आहे, पण माझी पुस्तकं आणि एसटीचा पास त्यातच निघाला. त्यासाठी मार्कशीट जपून ठेवा, वर्ष पास झाल्यावर ती जोडावी लागते.