काळा घोडाला की काळ्या घोड्याला?

प्रश्न असा आला आहे: मुंबईतलं ‘काळा घोडा’ हे ठिकाणाचं नाव. मग ‘काळा घोडाला भेटू’ म्हणायचं की ‘काळ्या घोड्याला’? विशेषनामाला हात लावावा का?

जरूर लावावा. विशेषनाम झालं म्हणून मराठीत सामान्यरूप टळत नाही. आपण कुर्ल्याला उतरतो, भायखळ्याला जातो, आणि महाराज सुटले ते आग्र्याहून. नावात विशेषण असलं तरी तेच. अंदमानला ‘काळे पाणी’ म्हणत आणि शिक्षा ‘काळ्या पाण्याची’ होत असे. तसंच काळ्या घोड्याला, काळ्या घोड्यापाशी.

‘काळा घोडा परिसरात’, ‘काळा घोडा महोत्सवात’ हेही बरोबर आहे, कारण तिथे प्रत्यय परिसराला आणि महोत्सवाला लागलाय. ‘कुर्ला स्थानकात’ आणि ‘कुर्ल्याच्या स्थानकात’ ही दोन्ही रूपं चालतात ती याचमुळे. पाट्यांवर, जाहिरातींत हे न बदललेलं रूप सारखं दिसतं; ‘काळा घोडाला’ बहुधा तिथूनच तोंडी आलं असावं.

बोलताना ‘काळाघोड्याला’ असंही ऐकू येतं. घोडा बदलतो, काळा तसाच राहतो. याला मी चूक म्हणणार नाही. दोन शब्द सांधून एक नाव झालं, की प्रत्ययाचा भार शेवटच्या शब्दावरच पडतो. मराठी कानाला ते खटकत नाही. ‘घोडाला’ मात्र खटकतं.

आणि या नावात घोडा नुसता नावापुरता नाही, म्हणूनही तो बदलायला हवा. १८७९ साली इथे बसवलेला ब्राँझचा पुतळा होता प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. पैसा अल्बर्ट ससूनचा, शिल्पकार जोसेफ बोहम. युवराज खोगिरावर दिमाखात बसलेला, पण लोकांनी नाव दिलं ते त्याच्या वाहनाला, तेही रंगावरून! साध्या माणसांची ही नजर मला फार प्रिय आहे. १९६५ मध्ये पुतळा चौकातून हलला, पुढे राणीच्या बागेत गेला. चौक रिकामा झाला तरी पत्ता सांगताना काळा घोडाच. पन्नासहून अधिक वर्षं ती जागा नुसत्या शब्दाने राखली. २०१७ साली तिथे नवा पुतळा उभा राहिला तो बिनस्वाराचा, लोकांच्या शब्दाबरहुकूम. आता कुणाला ‘काळ्या घोड्यापाशी थांब’ म्हटलं, तर त्याला खरोखरच घोड्यापाशी थांबता येतं.