घडणे वेगळे, कळणे वेगळे

नाशिक

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. निफाड तालुक्यातील त्या दोन भावांच्या दाव्याने तुला किती अस्वस्थ केले आहे, ते अक्षरावरूनही दिसते. वडिलांनी तोंडी वाटणी करताना विहीर सामाईक ठेवली, असे थोरला म्हणतो. पूर्वेकडच्या पट्ट्याबरोबर विहीरही आपल्यालाच दिली, असे धाकटा म्हणतो. दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही माळकरी, आणि मध्यस्थीच्या बैठकीत दोघांना समोरासमोर ऐकल्यावर तुला दोघेही खरे वाटले. त्यावरून तू असा निष्कर्ष काढला आहेस की सत्य नावाचे काही एक नसतेच, ज्याचे त्याचे सत्य असते, आणि वकिलाने आपल्या पक्षकाराचे सत्य नीट मांडले की त्याचे काम संपले.

तुझा गोंधळ प्रामाणिक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. दोघे भाऊ खरे बोलत आहेत याचा अर्थ दोघेही खोटे बोलत नाहीत, एवढाच. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, असे त्यातून निघत नाही. त्या दिवशी वडील विहिरीविषयी काहीतरी बोलले असतील, किंवा काहीच बोलले नसतील, किंवा दोन अर्थ निघतील असे बोलले असतील, किंवा दोघांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले असेल. यांपैकी काय घडले हे तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, आणि कदाचित त्या भावांनाही आता ठाऊक नाही. पण यांपैकी काहीतरी एक घडले आहे, आणि आपल्या तिघाचौघांच्या अज्ञानाने ते न घडल्यासारखे होत नाही. घडणे वेगळे, कळणे वेगळे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ज्या कायद्यावर तुझे-माझे पोट आहे, त्याच्या पहिल्याच पानांवर हा भेद कोरलेला आहे. भारतीय पुरावा कायदा १८७२ चा; त्याची जागा आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे, पण मूळ व्याख्या तशाच ठेवल्या आहेत. एखादी गोष्ट शाबीत केव्हा? न्यायालयाला ती आहे असे वाटले, किंवा ती असण्याचा संभव इतका वाटला की शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच वागावे, तेव्हा. नाशाबीत केव्हा? ती नाही असे त्याच कसोटीवर वाटले तेव्हा. आणि या दोहोंनंतर कायदा तिसरा कप्पा ठेवतो: शाबीतही नाही आणि नाशाबीतही नाही. हा तिसरा कप्पा तू परीक्षेपुरता पाठ केलास, त्याच्यापाशी थांबली नाहीस. सत्य म्हणजे केवळ कोणाला तरी वाटणे असते, तर या कप्प्याची गरज काय होती? न्यायालयाला वाटले नाही म्हणजे गोष्ट नाही, एवढ्यावर काम भागले असते. कायदा तसे म्हणत नाही. जे आहे ते आमच्यापर्यंत पोहोचले नसेल, ही कबुली त्याने व्याख्येतच देऊन ठेवली आहे.

त्याच कलमातील आणखी एक गोष्ट तुझ्या नेमकी उपयोगाची आहे. वस्तुस्थिती म्हणजे इंद्रियांना जाणवू शकणारी गोष्ट, एवढेच सांगून कायदा थांबत नाही. माणसाच्या मनाची जी अवस्था त्याला स्वतःला जाणवते, तीही वस्तुस्थितीच आहे असे तो म्हणतो. एखाद्याचे अमुक मत आहे, त्याचा अमुक हेतू होता, त्याला अमुक वेळी अमुक संवेदना झाली, ही उदाहरणे तेथेच दिलेली आहेत. म्हणजे धाकट्याला मनापासून वाटते की विहीर आपली, हे एक सत्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते धाकट्याच्या मनाविषयीचे सत्य आहे, विहिरीविषयीचे नव्हे. या दोन प्रश्नांची उत्तरे तू एकाच ओळीत लिहिलीस, आणि तेथेच तुझा पाय घसरला.

जे खरोखर ज्याचे त्याचे असते, ते मी तुझ्याकडून काढून घेत नाही. त्याच भावांच्या बागेतला घड एकाला गोड लागेल, दुसऱ्याला आंबूस. त्यावर दावा लावता येत नाही. मात्र रिफ्रॅक्टोमीटरवर त्याच द्राक्षाचा ब्रिक्स पाहिला, तर रसात विरघळलेली साखर किती हे खाणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून राहत नाही. आणि त्याहूनही पुढची गोष्ट या जिल्ह्याने २०१० च्या हंगामात पाहिली आहे. युरोपला गेलेल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे, अंश सापडले आणि माल अडकला. येथून निघताना ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत ते नव्हतेच. शेतकऱ्याला माल स्वच्छ वाटत होता, निर्यातदाराला वाटत होता, कागदही तसेच सांगत होते. किती अंश चालेल ही मर्यादा माणसांनी ठरवलेली असते, देशादेशांत ती बदलते, आणि ती अन्यायाची आहे असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. पण मण्यात अंश किती आहे, हे कोणत्याही देशाच्या नियमाने ठरत नाही. कोणी शोधले नव्हते, तेव्हाही तो तेथे होताच. घडणे वेगळे, कळणे वेगळे.

तू म्हणशील की हे रसायनाचे झाले. माणसांच्या व्यवहारात अखेर कोणाचे म्हणणे मान्य होते, यालाच सत्य म्हणतात. मग अमेरिकेतील मेरीलँड राज्यातला कर्क ब्लड्सवर्थ याचा खटला वाच. एका लहान मुलीच्या खुनाबद्दल १९८५ मध्ये त्याला दोषी ठरवून देहदंड सुनावला गेला. पाच साक्षीदारांनी त्याला ओळखले होते. ज्यूरीने मान्य केले, न्यायालयाने मान्य केले; पुढे फेरसुनावणी झाली, तरी पुन्हा दोषच सिद्ध झाला आणि शिक्षा जन्मठेपेची झाली. १९९३ मध्ये डीएनए चाचणीने तो माणूस हा नव्हेच, असे दाखवले आणि त्याची सुटका झाली. २००३ मध्ये त्याच पुराव्यावरून खरा गुन्हेगार सापडला. आता तुझा सिद्धांत त्या कोठडीत नेऊन त्या माणसाला सांग. साक्षीदारांचे त्यांचे सत्य, ज्यूरीचे तिचे सत्य, आणि तुझे तुझे. त्या वर्षांत त्याच्यापाशी एकच गोष्ट उरली होती: कोणाला काहीही वाटो, मी ते केलेले नाही. तेवढेही तू त्याच्याकडून काढून घेतेस. सत्य ज्याचे त्याचे असेल, तर निरपराध माणसाला झालेल्या शिक्षेला अन्याय म्हणण्याची सोयच उरत नाही.

मला याचा राग का येतो, ते तुला सांगतो. माझ्या वकिलीच्या आरंभीच्या काळात एक विधवा बाई माझ्याकडे आली होती. नवऱ्याने घेतलेले कर्ज त्याने मरण्यापूर्वी फेडले होते, असे ती सांगत असे. पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. दावा तिच्याविरुद्ध गेला. निकाल कायद्याला धरून होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण निकालानंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला समजावले, की जे शाबीत झाले नाही ते घडलेच नाही असे समज, म्हणजे झोप लागते. मी तसे समजलो नाही. त्या माणसाने पैसे फेडले होते की नव्हते, या प्रश्नाला आजही एक उत्तर आहे. ते सांगू शकणारी सगळी माणसे आता गेली आहेत. उत्तर मात्र त्यांच्याबरोबर गेलेले नाही. ती बाई कर्जबुडव्याची बायको म्हणून गावात राहिली आणि तशीच वारली. तिचे उत्तर मला मिळाले नाही, ही खंत मी बाळगून आहे, आणि ती सोडून द्यायची माझी इच्छाही नाही. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तर खंत करण्याजोगे काही उरतच नाही.

शिकलेली माणसे येथे इतिहासाकडे बोट दाखवतात: इतिहास जेते लिहितात, म्हणून भूतकाळाविषयी फक्त दृष्टिकोन असतात. आपल्या पांडवलेण्यांतच याचे उत्तर आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आई आपल्या दिवंगत पराक्रमी मुलाविषयी लिहिते, तेव्हा त्यात पक्षपात असणारच, आणि आहेही. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे त्याच्या शत्रू राजघराण्याचा, वंश निःशेष केला, असे ती म्हणते. केवळ या लेखावर विश्वास ठेवावा, असे कोणताही सावध अभ्यासक म्हणणार नाही. पण १९०६ मध्ये याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला: क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. ज्याने ती जमिनीत ठेवली, त्याला बलश्रीच्या कीर्तीशी काही देणेघेणे नव्हते. वंश निःशेष झाला की नाही, हे नाणी सांगत नाहीत. पण सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे ती निःसंशय सांगतात. आईचे बोलणे कोठपर्यंत खरे आणि कोठून पुढे स्तुती, हे अशा रीतीने कळत जाते. दृष्टिकोन होता म्हणून सत्य नाहीसे झाले नाही. दुसऱ्या बाजूने येऊन त्याला पडताळावे लागले. आणि ही लेणी पांडवांनी खोदली, असे पिढ्यान्‌पिढ्या मनापासून मानणाऱ्या भाविकांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे खरे मात्र नाही. कोणी काय दान दिले, ते भिंतींवरच लिहिलेले आहे.

तू अनेकान्तवादाचा आधार घेतला आहेस, तोही मला पटलेला नाही. म्हसरूळच्या गजपंथावर ज्या परंपरेचे लोक श्रद्धेने जातात, त्या जैन परंपरेतला हा विचार आहे, आणि तो फार शिस्तीचा आहे. वस्तूला अनेक अंगे असतात, म्हणून प्रत्येक विधान कोणत्या अंगाने केले ते सांगा, एवढी कडक अट तो घालतो. वस्तूच नाही, असे तो कोठेही म्हणत नाही. एवढ्या कष्टाच्या विचाराचा उपयोग वाद टाळण्यासाठी करू नये.

ज्याचे त्याचे सत्य, हे बोलणे वरून नम्र दिसते, पण त्यातून सोय कोणाची होते ते पाहा. ज्याच्या हातात सात-बारा आहे, पैसा आहे, साक्षीदार आहेत, त्याला याहून सोयीचे तत्त्वज्ञान मिळणार नाही. २ मार्च १९३० रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार बंद ठेवणाऱ्यांनाही आपले म्हणणे खरे आणि धर्मसंमतच वाटत होते. नीतीचा प्रश्न विहिरीच्या प्रश्नाहून अवघड आहे, हे मला मान्य आहे, आणि तो या पत्रात सुटणार नाही. पण बाहेर उभे असलेले लोक फक्त आपला एक दृष्टिकोन घेऊन आले होते, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि तुझीही धजू नये.

लोक मला हट्टी म्हणतात. साक्षीदाराला पढवायला नकार दिला म्हणून कामे गेली, घरात ओढाताण झाली, आणि एका जवळच्या मित्राने तर याच विषयावरून बोलणे टाकले. तो म्हणे की न्यायालयात सत्य शोधायला आलास, तर चुकीच्या दारात आलास. मला त्याची उणीव भासते. तरीही मी बदललो असतो तर बरे झाले असते, असे मला एकदाही वाटलेले नाही. पक्षकाराची बाजू मांडणे हे आपले काम आहेच, आणि ते मी कधी टाळले नाही; पण काय घडले हे स्वतःला विचारणे सोडून दिलेला वकील पक्षकाराच्याही उपयोगाचा राहत नाही, कारण उलटतपासणीत काय समोर येणार आहे, याचा त्याला अंदाजच नसतो.

तेव्हा हा प्रश्न तत्त्वज्ञानाकडे सोपवण्यापूर्वी जरा पायपीट कर. विहिरीवरच्या मोटारीचे वीजजोड कोणाच्या नावाने आणि कोणत्या वर्षी घेतले, अर्ज कोणी केला, बिले कोणी भरली, ते पाहा. विकास सोसायटीतले दोघांचे इकरार काढ. पीककर्ज घेताना कोणी किती क्षेत्र आपले म्हणून लिहून दिले आणि पाणी कोठले दाखवले, ते त्या वेळी हा वाद नसताना लिहिलेले आहे. फेरफार आणि त्यासाठी तलाठ्याकडे दिलेली वर्दी पाहा, पण नोंद झाली म्हणजे मालकी ठरली, असे समजू नकोस. विहिरीचा गाळ कोणी काढला, आडवे बोअर कोणी मारले, त्याचा खर्च कसा वाटला गेला, हे मजुरांना विचार. आणि त्या भावांना बहीण आहे का? तुझ्या लांबलचक पत्रात तिचा उल्लेख नाही. असेल, तर तिचाही त्या जमिनीत हक्क असू शकतो, हे लक्षात ठेवून तिचे बोलणे तोलून घे. मात्र तिच्याकडे जाऊन, विहीर सामाईकच होती ना, असे विचारू नकोस. वाटणी झाली त्या दिवशी घरात कोण कोण होते, एवढेच आधी विचार, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून मला पाठव.