एक्स-रे नॉर्मल आला म्हणून त्या पायावर चालत राहू नका

गोव्यात दोना पावला इथे विंडसर्फिंग करताना वाऱ्याच्या जोराच्या झोतात बोर्डावरून पुढे फेकले गेलात, पुढचा पाय फूटस्ट्रॅपमध्येच (बोर्डावर पाय अडकवायच्या पट्ट्यातच) राहिला, एक्स-रे नॉर्मल आला, 'मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा' म्हणून घरी पाठवलं आणि आता महिना होत आला तरी चवड्यावर उभं राहता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही आणि पाय न बघता निदान करणं बरोबरही नाही. पण उद्याच्या उद्या पाऊल-घोट्याचं काम करणारा ऑर्थोपेडिक गाठा आणि सरळ विचारा, 'ही लिस्फ्रँकची दुखापत तर नाही ना?' पावलाच्या मधल्या सांध्यांना हे नाव नेपोलियनच्या काळातल्या एका फ्रेंच सर्जनवरून पडलंय. घोड्यावरून पडताना स्वाराचा पाय रिकिबीत अडकला की हेच सांधे जायचे. आपल्या खेळात रिकिबीची जागा फूटस्ट्रॅपने घेतली आहे. अंग पुढे जातं, पाऊल जागेवर राहतं आणि सगळा पीळ मधोमध बसतो. पहिल्या दिवसांत तळव्याच्या कमानीखाली काळंनिळं झालं होतं का, आठवून बघा. ती मोठी खूण.

माझा खरा घात झाला तो कॅज्युअल्टीत. रुग्णालयाचं नाव घेत नाही. टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. पायावर भार नसला की निसटलेली हाडंसुद्धा कधीकधी जागच्या जागी दिसतात. उभं केल्यावरच अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मुळाशी फट उघडते. म्हणून दोन्ही पायांचा, उभं राहून, शेजारी शेजारी एक्स-रे हवा. शंका उरली तर सीटी किंवा एमआरआय. मी दुखतंय म्हणून पुन्हा पुन्हा गेलो, तर 'चालत राहा, मोकळा होईल' एवढंच उत्तर. दुसऱ्या डॉक्टरांनी उभं करून फिल्म काढली तेव्हा ती फट मलासुद्धा दिसली. वेळेत कळलं आणि हाडं हललेली नसली तर साधारण सहा आठवडे भार न देता प्लास्टरवर भागू शकतं; हललेली असली तर स्क्रू-प्लेट. माझे सांधे तोवर झिजले होते, ते कायमचे जोडून टाकावे लागले.

वर त्या रुग्णालयाने जुनी फिल्म द्यायलाही टाळाटाळ केली. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, फिल्म कशाला?' अजून संताप येतो. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत स्पष्ट आहे: रुग्णाने कागदपत्रं मागितली की 72 तासांत द्यायची. लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी मागत बसू नका.

फिजिओथेरपी सध्या थांबवा, असं माझं ठाम मत. फट नाही हे कळेपर्यंत त्या पायावर व्यायाम नकोत.

पुढच्या मोसमासाठी दोन गोष्टी. स्ट्रॅप सैल ठेवू नका. पलीकडे फक्त बोटं दिसावीत. पाऊल घोट्यापर्यंत आत सरकत असेल तर पडताना ते सुटणार नाही. आणि कॅटापल्ट होताना, म्हणजे असं पुढे फेकले जाताना, बूम (शिडाचा हातात धरायचा दांडा) सोडायचा नाही. हात सुटले तरी हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हूक बूमला अडकलेला असतो, अंग आणखी जोरात भिरकावलं जातं आणि तोंड मास्टवर (शिडाच्या खांबावर) आपटतं. शिकवणारे काही जण उलटं सांगतात, मला ते अजिबात पटत नाही.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेचं काय झालं ते इथे जरूर लिहा.